संगणक वाढवले म्हणून ठिणग्या गाळता येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गावरून आमच्या भागात जी चर्चा चालू आहे, तिच्यात खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे नाव सारखे येते. आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एका वाचकाने लिहिले होते की, जीएमआरटीकडे एवढे महासंगणक आहेत, तर रेल्वेमुळे होणारा रेडिओ गोंगाट त्यांनी संगणकातच गाळून टाकावा. त्यासाठी आणखी यंत्रे लागली तर सरकारने घेऊन द्यावीत, पण रेल्वे अडवू नये. हा मुद्दा मी एसटीत ऐकते, बाजारात ऐकते, आमच्या स्टाफरूममध्येही ऐकते. प्रश्न रास्त आहे. मी पदविका अभ्यासक्रमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि राहते नारायणगावला, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या जगण्यातल्या आहेत. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण आकडेमोड केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

आधीच सांगते, रेल्वे मलाही हवी आहे. माझे कितीतरी विद्यार्थी रोज चाकणला कामाला जातात. वाटेत गाडी अडकली की त्यांची शिफ्ट बुडते आणि पगार कापला जातो. टोमॅटो, द्राक्षे, कांदा हा सगळा माल एकाच महामार्गावरून जातो. रेल्वेची मागणी करणाऱ्यांना विज्ञानविरोधी ठरवणे मला मुळीच मान्य नाही. पण 'संगणक गाळून घेतील' या भरवशावर मार्ग ठरवला, तर रेल्वे मिळेल आणि दुर्बीण जाईल, आणि हे आपल्याला नंतर कळेल.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर विखुरलेल्या आहेत. एका टोकाच्या डिशपासून दुसऱ्या टोकाची डिश सुमारे २५ किलोमीटरवर आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, ती इथे रेडिओ गोंगाट कमी होता, डोंगरांचा आडोसा होता आणि पुणे जवळ होते म्हणून. आकाशातून येणारा सिग्नल किती क्षीण असतो, याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. रेडिओ खगोलशास्त्रात तीव्रता 'जान्स्की' या एककात मोजतात. एक जान्स्कीचा स्रोत एका डिशवर पडला आणि ४०० मेगाहर्ट्झचा वारंवारितांचा पूर्ण पट्टा धरला, तर हाती येणारी शक्ती म्हणजे एका वॅटला एक कोटीने भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा एक कोटीने भागायचे, त्याहूनही कमी. आणि एक जान्स्की म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने भरभक्कम स्रोत. त्यांना हवे असलेले बरेचसे स्रोत याच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून मंद असतात. अशा सिग्नलच्या शेजारी विजेच्या तारेवरची एखादी ठिणगी किती मोठी दिसेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता त्या संगणकांकडे येते. तिथे नेमके काय चालते हे कळल्याशिवाय 'आणखी यंत्रे घ्या' या सूचनेला उत्तर देता येणार नाही.

प्रत्येक डिश रेडिओ लहरीचे दोन ध्रुवण, म्हणजे कंपनाच्या दोन दिशा, वेगवेगळे पकडते. म्हणजे ३० डिशचे ६० सिग्नल. ते ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे त्यांचे आकड्यांत रूपांतर होते. पट्टा ४०० मेगाहर्ट्झचा असेल तर प्रत्येक सिग्नलची सेकंदाला ८० कोटी सॅम्पल, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापे, घ्यावी लागतात. साठांची मिळून झाली ४,८०० कोटी. एक सॅम्पल ८ बिटांचे धरले तर सेकंदाला ४८ गिगाबाइट. घरच्या संगणकातली एक टेराबाइटची डिस्क एकवीस सेकंदांत भरेल. एका दिवसाचा डेटा ४,१०० टेराबाइटच्या पुढे जाईल. एवढे साठवून 'नंतर बघू' म्हणता येत नाही. जे करायचे ते सिग्नल येत असतानाच करायचे, कारण पुढच्या सेकंदाचे ४८ गिगाबाइट तोपर्यंत दारात आलेले असतात. तात्काळ सिग्नल प्रक्रिया म्हणतात ती हीच.

वेळ चुकली की काय होते हे आमच्या साध्या प्रयोगशाळेतही दिसते. आमच्याकडे यूएसबीला लावायचा एक स्वस्त रेडिओ डोंगल आहे. तो सेकंदाला २४ लाख सॅम्पलच्या जोड्या देतो, म्हणजे ४८ लाख बाइट. जीएमआरटीचा प्रवाह याच्या दहा हजार पट. मुले लॅपटॉपवर जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर, स्पेक्ट्रम (वारंवारितांचा आलेख) असे एकेक ठोकळे जोडत जातात. एक-दोन ठोकळ्यांपर्यंत सगळे सुरळीत चालते. चौथा-पाचवा जड ठोकळा जोडला की लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागतो आणि खालच्या काळ्या खिडकीत 'ओ', 'ओओ', 'ओओओ' अशी अक्षरे उमटू लागतात. ओव्हरफ्लो. लॅपटॉपला आकडे मोडायला वेळ पुरला नाही, सॅम्पल सांडली. ती परत मिळत नाहीत. मी मुलांना सांगते, या 'ओ'कडे नीट बघा, वर्गातल्या गणितात आणि प्रत्यक्ष यंत्रात फरक आहे तो हा.

यावर उपाय एकच, काम वाटून घेणे. पण वाटायचे कसे? साठ सिग्नल साठ संगणकांना दिले की झाले, असे पटकन वाटते. पहिल्या टप्प्यापुरते ते खरेही आहे. प्रत्येक सिग्नलचे फूरिये रूपांतर करून त्याचे हजारो बारीक वारंवारितांमध्ये विभाजन करायचे, हे प्रत्येकाने आपापले करावे. अडचण पुढे येते. दुर्बिणीचे चित्र बनते ते प्रत्येक डिशचा सिग्नल इतर प्रत्येक डिशच्या सिग्नलशी गुणून. ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीत ध्रुवणांचे चार गुणाकार, आणि तेही ४०० मेगाहर्ट्झच्या सगळ्या पट्ट्यासाठी. सेकंदाला जवळपास ७०,००० कोटी संमिश्र संख्यांचे गुणाकार होतात, आणि त्यातल्या प्रत्येक गुणाकाराला दोन वेगळ्या डिशचा डेटा एकाच जागी हवा असतो. म्हणजे मधल्या टप्प्यावर प्रत्येक संगणकाने आपल्याकडचा माल तोडून बाकी सगळ्यांना वाटायचा आणि सगळ्यांकडून आपला वाटा घ्यायचा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात प्रत्येक शेतकरी सगळ्या प्रतींचे क्रेट घेऊन येतो आणि प्रत्येक व्यापाऱ्याला मात्र सगळ्या शेतकऱ्यांकडची एकच प्रत हवी असते. तशीच ही अदलाबदल, फक्त सेकंदाला ४८ गिगाबाइटच्या वेगाने आणि क्षणभरही न थांबता. अशा यंत्रणेत संगणकाच्या वेगाइतकेच महत्त्व त्यांना जोडणाऱ्या जाळ्याला असते. नुसते संगणक वाढवले आणि जाळे तेवढेच ठेवले, तर संगणक रिकामे बसून राहतात.

आणखी एक गोष्ट. पट्टा दुप्पट केला तर काम साधारण दुप्पट होते, पण डिश दुप्पट केल्या तर जोड्या चौपट होतात: ६० डिशच्या १,७७०. 'यंत्रे वाढवा' म्हणणाऱ्यांनी हे वर्गाच्या पटीत वाढणारे काम लक्षात ठेवावे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात हेच गणित डोंगराएवढे होते. आफ्रिकेत १९७ डिश आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे अँटेना, २५६च्या गटांनी. भारतही त्या प्रकल्पात आहे, आणि तिथे उपयोगी पडणारा अनुभव आपल्या लोकांनी मिळवला तो खोडदला.

हा अनुभव कसा मिळाला याबद्दल मला खरोखर अभिमान आहे. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली, तेव्हा हे गुणाकार करणारे यंत्र पूर्णपणे हार्डवेअरचे होते. अमेरिकेतल्या व्हीएलबीए दुर्बिणीसाठी घडवलेल्या खास चिप त्यात वापरल्या होत्या आणि पट्टा होता ३२ मेगाहर्ट्झचा. खास चिप वेगवान असते, पण तिला नवे काही शिकवता येत नाही. पुढे २०१०च्या सुमारास एनसीआरएच्या, म्हणजे ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेच्या, लोकांनी तेच काम बाजारात मिळणारे साधे संगणक, नेटवर्क आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम यांवर करून दाखवले. कच्चा डेटा साठवणे, नवी पद्धत तपासून पाहणे, चूक सापडली तर प्रोग्राम बदलणे हे सगळे शक्य झाले. त्यानंतर आताची तिसरी पिढी. पुढच्या फळीत एफपीजीए, म्हणजे ज्यांची अंतर्गत जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येते अशा चिप. त्या सॅम्पल घेतात, त्यांची पाकिटे करतात आणि १० गिगाबिटच्या नेटवर्कवर पाठवतात. मागच्या फळीत जीपीयू, म्हणजे व्हिडिओ गेमसाठी जन्मलेली कार्डे. त्यांच्यात हजारो छोटे गणक एकाच वेळी एकच प्रकारचे गणित करतात, आणि फूरिये रूपांतर, गुणाकार, बेरीज हे नेमके तसलेच काम आहे. तिथल्या एफपीजीए बोर्डाचा आराखडाही कुणा एका कंपनीच्या तिजोरीतला नाही. बर्कलेच्या विद्यापीठाभोवती जमलेल्या गटाने तो सर्वांसाठी खुला ठेवला आणि तोच बोर्ड जगातल्या अनेक दुर्बिणींवर वापरला गेला.

या सगळ्यात डिश त्याच राहिल्या. १९९० च्या दशकात उभ्या केलेल्या त्याच ३० डिश, त्याच जागी. त्यांच्या मुखाशी असलेले रिसीव्हर आणि मागची संगणक यंत्रणा बदलली, आणि पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला. 'दुर्बीण जुनी झाली, आता एसकेए येतेय, इथली हलवा' असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. मागची यंत्रणा दर काही वर्षांनी बदलता येते आणि प्रत्येक वेळी दुर्बीण नवी होते. तिच्यात बदलता न येणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जागा.

आता मूळ प्रश्न: हेच संगणक रेल्वेचा गोंगाट का गाळू शकत नाहीत?

ते गोंगाट गाळतात, आजही गाळतात. विजेच्या उच्चदाब तारांवर खराब इन्सुलेटरजवळ ठिणग्या उडतात, त्या रेडिओच्या सगळ्या पट्ट्यांत एकदम पसरतात. त्या टिपण्यासाठी एनसीआरएच्या अभियंत्यांनी एफपीजीएतच एक फिल्टर बसवला आहे. दर थोड्या सॅम्पलच्या गटाचा मध्यांक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा, सॅम्पल त्यापासून साधारण किती विचलित होतात ते पाहायचे आणि फारच दूर गेलेले सॅम्पल बदलून टाकायचे. हे फूरिये रूपांतराच्या आधी, सॅम्पल ताजे असतानाच करावे लागते. एकदा सरासरीत मिसळले की ठिणगी कुठली आणि आकाश कुठले ते ओळखता येत नाही. सेकंदाला ८० कोटी सॅम्पल येत असताना चालू प्रवाहातच मध्यांक काढायचा, हे काम सोपे नाही. त्या लोकांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही, म्हणूनच त्या कौशल्याची मर्यादा स्पष्ट सांगणे गरजेचे वाटते.

मर्यादा कुठे येते हे दाखवायला मी वर्गात तोच डोंगल वापरते. आमच्या प्रयोगशाळेसमोर रस्त्यापलीकडे वेल्डिंगचे दुकान आहे. तिथे वेल्डिंग सुरू झाले की लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या पिवळ्या रेघांचा सडा पडतो. गेल्या सत्रात पाबळहून येणारा एक विद्यार्थी लगेच म्हणाला, "मॅडम, फिल्टर लावू की." म्हटले, लाव. त्याने मर्यादा ठरवून मोठी सॅम्पल कापली, रेघा बऱ्याचशा गेल्या, वर्ग खूश. मग मी कॉलेजच्या सिक्युरिटीकडची वॉकीटॉकी मागवली आणि अँटेनाच्या शेजारी धरून बटन दाबले. पडदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेटला, जिथे कुठलेच स्टेशन नाही तिथेही रेघा उमटल्या, आणि मघाशी बारीक दिसणारे दूरचे स्टेशन गायब झाले. तो मुलगा फिल्टरची मर्यादा वरखाली करत राहिला. काही उपयोग नाही. डोंगलचा अँप्लिफायर तोवर पूर्ण दबून गेलेला होता. त्यातून जे आकडे बाहेर आले त्यांच्यात दूरचे स्टेशन नव्हतेच. जे आकड्यांत आलेच नाही ते कुठल्याही संगणकाला शोधता येत नाही, मग तो लॅपटॉप असो की महासंगणक.

याच्या उलट टोक आणखी त्रासाचे आहे. वर्गातले दिवे बंद ठेवून आणि मग चालू करून आम्ही स्पेक्ट्रम पाहिला. एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरचा गोंगाट नुसत्या डोळ्यांना दिसलाच नाही. दोन्ही पडदे सारखेच. पण अर्धा-अर्धा तास सरासरी घेतल्यावर दिवे चालू असतानाच्या आलेखावर एक स्पष्ट उंचवटा आला. हा गोंगाट प्रत्येक सॅम्पलमध्ये इतका बारीक होता की फिल्टरला तो कधीच पकडता आला नसता. जीएमआरटीवर एकेका स्रोताकडे तासन्‌तास बघतात, त्या सगळ्याची सरासरी घेतात, आणि असा बारीक गोंगाट नेमका त्या सरासरीतच डोके वर काढतो. म्हणजे फिल्टर मधल्या ताकदीच्या गोंगाटाला पकडतो. फार मोठा गोंगाट त्याच्याकडे येण्याआधीच नुकसान करतो आणि फार बारीक गोंगाट त्याच्या हातून निसटतो. संगणक शंभर असोत की हजार, या दोन टोकांना काही फरक पडत नाही.

आणि जो गोंगाट पकडला जातो त्याचीही किंमत असते. सॅम्पल बदलले म्हणजे तेवढ्या वेळाचे आकाश गेले. पाचातला एक भाग टाकावा लागला, तर तेवढ्याच स्पष्टतेसाठी सव्वापट वेळ दुर्बीण चालवावी लागते. काही घटनांना तर दुसरी संधीच नसते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा मंद सिग्नल पृथ्वीवर थेट ऐकला तो खोडदच्या डिशनी. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला, आणि काहीतरी बिघडले आहे याचा पहिला सुगावा तिथून लागला. त्या काही मिनिटांत शेजारून गाडी गेली असती तर? दूरच्या आकाशगंगांमधून येणारे काही मिलिसेकंदांचे रेडिओ स्फोट हेही तसेच. ते कधी आणि कुठून येतील हे आधी कळत नाही. वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे त्यांच्या कमी वारंवारितेच्या लहरी उशिरा पोहोचतात. ५०० मेगाहर्ट्झवर स्फोट आला की ३०० वर पोहोचेपर्यंत कधीकधी पंधरा सेकंदही जातात. किती उशीर झाला हे आधी माहीत नसल्याने हजारो वेगवेगळे उशीर गृहीत धरून, प्रत्येकासाठी लहरी पुन्हा जुळवून, एकाच वेळी शोध घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी पुण्याचा संगणक याच कामासाठी जीएमआरटीला दिला आहे. लहानशी ठिणगी आणि खरा स्फोट दिसायला बरेचसे सारखे असतात, त्यामुळे ठिणग्या जेवढ्या जास्त तेवढे खोटे इशारे जास्त, आणि त्या गर्दीत एखादा खरा स्फोट सुटून जाण्याची शक्यता जास्त.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेत २५ हजार व्होल्टच्या तारेला पँटोग्राफ, म्हणजे इंजिनाच्या छतावरचा वीज घेणारा सांगाडा, घासत जातो आणि संपर्क क्षणभर सुटला की ठिणगी पडते. शिवाय रेल्वेला स्वतःच्या संदेशवहनासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मिळाली आहे, आणि जीएमआरटीचा एक महत्त्वाचा पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे. दोन्ही तिथेच. त्यात भर डब्यांतल्या शेकडो प्रवाशांच्या मोबाइलची. ठिणगी अधूनमधून पडते, पण रेल्वेचा रेडिओ सतत चालू राहणार. त्याच्यापुढे ठिणग्यांसाठी बनवलेला फिल्टर कामाचा नाही. तेवढा पट्टा कायमचा सोडून द्यावा लागेल, किंवा सिग्नल फारच जोरात असेल तर शेजारचे पट्टेही बिघडतील.

याचा अर्थ रेल्वे नको असा नाही. याचा अर्थ असा की तडजोड संगणकाच्या खोलीत होणार नाही, ती रुळांच्या बाजूने करावी लागेल: अंतर, डोंगराचा आडोसा, खोल कटिंग किंवा बोगदा, दुर्बिणीजवळच्या टप्प्यात रेडिओची शक्ती आणि अँटेनाची दिशा, तारांची देखभाल. यातले किती पुरे होईल हे मोजूनच ठरवता येईल. आज दोन्ही बाजूंनी भाषणे होतात आणि आकडे कुणीच देत नाही, याचे मला वाईट वाटते.

म्हणून माझी मागणी अशी. रेल्वे आणि एनसीआरए यांनी मिळून एखाद्या चालू विद्युतीकृत मार्गाजवळ, १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, गाडी जाताना आणि नसताना, वेगवेगळ्या अंतरांवर मोजणी करावी. पुणे-दौंड मार्ग आहे, मनमाडकडचा आहे. एक मोजणी मोकळ्या माळावर करावी आणि एक टेकडीआड. या मोजणीचे आकडे मराठीत, आलेखासह, जाहीर करावेत आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्रांनी ते छापावेत. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला बाजारभावाचा आलेख वाचता येतो, त्याला हाही वाचता येईल. मग कुठल्या अंतरावर रेल्वे आणि दुर्बीण दोन्ही चालतात यावर गावोगाव बोलता येईल. मोजणीच्या कामात जुन्नर-आंबेगावच्या तंत्रनिकेतनांतली मुले घ्यावीत. अँटेना धरायला, नोंदी करायला, आलेख काढायला ती तयार आहेत. एफपीजीए आणि जीपीयूवरचे काम शिकायला आज आमच्या मुलांना पुण्या-बंगळूरला जावे लागते, आणि त्याच कामाची इतकी उत्तम यंत्रणा नारायणगावपासून दुचाकीवर जाण्याच्या अंतरावर आहे, हे माझ्या मनाला कायम टोचते.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिले त्यांना माझी विनंती आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनानिमित्त खोडदला मोठे प्रदर्शन असते आणि ते सर्वांना खुले असते. त्या दिवशी त्यांनी यावे आणि 'संगणकात गाळून का टाकत नाही' हा प्रश्न तिथल्या अभियंत्यांना समोरासमोर विचारावा. आमच्या मुलांचा डोंगल आणि वॉकीटॉकीचा प्रयोग त्यांना पाहायचा असेल, तर तो कॉलेजमध्ये कधीही दाखवायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका,
नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे